इंजिनावरचा लोटा

"आज टेम्पो यायच्या आत हे सुरू झालं तर ठेवा," ललिता म्हणाली, "नाहीतर भिकाजीबरोबर पाठवून द्या. मी त्याला सांगून आलेय."

काशीरामने इंजिनाच्या पोटातून हात बाहेर काढला. हात कोपरापर्यंत काळा झाला होता. "कोण भिकाजी?"

"महाडचा भंगारवाला. येताना वजनकाटा आण म्हटलंय."

वजनकाट्याचं काशीरामला फार लागलं. ज्या इंजिनाचा व्हॉल्व्ह त्याने रविवारमागून रविवार बसून स्वतःच्या मिशा त्यात दिसेपर्यंत घासला होता, ते इंजिन कोणी वजनावर उचलावं ही कल्पनाच त्याला सहन होईना. पण बोलायला जागा नव्हती. जागा नव्हती, हेच तर ललिताचं म्हणणं होतं.

घराच्या अंगची पडवी लग्नाच्या वेळच्या बोलीप्रमाणे ललिताच्या शिवणक्लासची होती. ती महाडला शिवणाचा कोर्स करून आलेली. काशीराम पोलादपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, बी.एस्सी. झालेला. कापडे गावाच्या बौद्धवाडीत असं जोडपं दुसरं नव्हतं, आणि अशी पडवी तर आख्ख्या तालुक्यात नव्हती. तिथे पहिला आला तो लोखंड कातायचा लेथ. महाडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपात पुराच्या गाळात रुतलेला हा जुना, पायाने मारायचा लेथ काशीरामने बैलगाडीतून घरी आणला आणि त्याला रॉकेलने न्हाऊमाखू घातलं. त्यापाठोपाठ लेथला लागणारी हत्यारं आली, आणि मग ती हत्यारं बनवायला लागणारी हत्यारं. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांच्या छिन्न्या त्याने घरीच केल्या. सायकलच्या चेनवर फिरणारं, लोखंडाला भोक पाडायचं यंत्र केलं. त्या यंत्राला एक जड चाक हवं होतं आणि घरात तसं चाक एकच होतं. तेव्हापासून ललिताचं शिलाई मशीन बिनचाकाचं झालं होतं.

एवढं होऊनही लेथचं सुख मिळेना. पाय मारण्याकडे लक्ष दिलं की हात चुके, आणि हाताकडे लक्ष दिलं की पाय थांबे. म्हणून इंजिन हवं होतं.

इंजिन गावातच होतं. येसाजीच्या पिठाच्या गिरणीचं. येसाजीचे मुलगे मुंबईला गेले, इंजिनाच्या रिंगा झिजल्या, ते धूर ओकायला लागलं आणि एके दिवशी थांबलं ते थांबलंच. तेव्हापासून सगळं गाव आणि डोंगरावरच्या वाड्या दळणासाठी पोलादपूर गाठत. ललिताला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. येसाजीच्या गिरणीत डबे रांगेने ठेवायचे असत; पण बौद्धवाडीचा डबा रांगेत कुठेही असला तरी दळला जाई तो शेवटी. पोलादपूरच्या गिरणीवाल्याला कुठला डबा कुठल्या वाडीचा हे ठाऊक नव्हतं, आणि ललिताला एवढं पुरत होतं.

इंजिन देताना येसाजी म्हणाला होता, "मेलेलं हाय हां मास्तर. न्या खुशाल. पन मागनं माज्या दारात रडायला येऊ नका."

ते मेलेलं इंजिन काशीरामने सुटं सुटं केलं. प्रत्येक भाग चाळणीत धुतला, पुसला, मापला, वहाणा ठेवायच्या फळीवर क्रमाने मांडला. वहाणा अंगणात गेल्या. नव्या रिंगा त्याने पुण्याहून मागवल्या. आता सगळं जागच्या जागी बसलं होतं आणि एकच वस्तू उरली होती. धुराड्याच्या टोकावर पालथा बसवायचा पितळी लोटा.

पूर्वी सगळ्याच गिरण्यांना असा लोटा असे. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला धुराचा झोत त्यात घुसे आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा "कुक्‌" असा आवाज निघे. तो ऐकला की लोकांना कळे, गिरणी चालू झाली.

"तो कशाला लावताय?" ललिताने विचारलं. "तुम्हाला दळायचंय का काही?"

"अगं, मूळ इंजिनाला होता तो."

"म्हणून?"

"म्हणजे जसं होतं तसं करायचं. नाहीतर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, जुगाड म्हणतात."

ललिताने शिलाई मशीनच्या चाकाच्या जागी दिसणाऱ्या रिकाम्या दांडीकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

खरं म्हणजे लोटा जसा होता तसा राहिलाही नव्हता. त्याच्या कडेचं भोक काजळीने बुजून गेलं होतं. काशीरामने ते कोरून काढलं आणि हवेच्या स्तंभाचं गणित आठवून जरा मोठं केलं. येसाजीच्या हाती जो लोटा गावापुरता वाजे, तो आता भौतिकशास्त्राच्या नियमांप्रमाणे वाजणार होता.

हँडल मारायला शेजारचा पांडू आला. पांडू मुंबईला कापड गिरणीत होता. गिरण्यांचा संप लागल्यापासून गावी येऊन बसला होता आणि कुठलंही यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवत.

"सर, टेन्शन घेऊ नका. आमच्या खात्यात यापेक्षा डबल मोठी मशीन हाय. तिला मी एका हातानं चालू करतो."

"कशी?"

"बटन दाबून," पांडू म्हणाला, आणि त्याने बाह्या वर केल्या.

त्याने हँडल मारलं. इंजिन खोकलं. पुन्हा मारलं. पुन्हा खोकलं. पांडूच्या कपाळावर घाम आला, मग शर्टावर आला, मग तो मुंबईच्या हिंदीत इंजिनाच्या घराण्याबद्दल काहीतरी बोलला. काशीरामने नॉझलची चकती अगदी केसभर फिरवली.

"आता मार. आणि मी म्हणेन तेव्हा हात सोड."

पांडूने जीव खाऊन चाक फिरवलं. काशीराम ओरडला, "सोड!" आणि त्याने लिव्हर टाकली.

इंजिनाने एक काळाकुट्ट ढग सोडला. अंगणातली कोंबडी पेंढ्यावर गेली. मग लोटा बोलला.

कुक्‌... कुक्‌... कुक्‌-कुक्‌-कुक्‌-कुक्‌...

आवाज पडवीतून निघाला, शेतांवरून गेला, समोरच्या डोंगराला लागला आणि तिथून परत आला. काशीरामच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते धुराने आलं असं त्याने पांडूला सांगितलं. ललिता दारात आली, चालत्या चाकाकडे बघत राहिली, आणि "बरं" एवढंच म्हणाली. पण ते "बरं" नेहमीपेक्षा जरा लांब होतं.

काशीरामने लेथवर पट्टा चढवला. कितीतरी महिने मनात घोळवलेली सळई चकमध्ये धरली, हत्यार टेकवलं, आणि लोखंडाची पहिली साल सुळकन निघून गुंडाळत खाली पडली. दुसरी पडली. तिसरी पडता पडता मागून आवाज आला.

"मास्तर, लंबर कुठं लावायचा?"

पडवीच्या तोंडाशी वरच्या वाडीची आवडी उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत नाचणी. चांगली सत्तरीची म्हातारी. पण डोंगर उतरून आलेली असूनही श्वास लागला होता तो पांडूलाच.

"कसला नंबर, आजी?"

"दळनाचा. येसाजीची गिरन तू घेतलीस म्हनं. बरं केलंस बाबा. मी वर गवत काढत व्हते, म्हटलं आवाज वळखीचा हाय."

"आजी, ही गिरणी नाही. हा लेथ आहे."

"नवी जात काय?"

"त्यात लोखंड कापतात."

आवडीने पाटी खाली ठेवली. लेथच्या खाली वाकून तिने पडलेली साल उचलली आणि गिरणीत दळण बघतात तशी चिमटीत धरून चोळली. मग तोंड वाकडं केलं.

"लय जाडं पडतंय रे."

"आजी, ते पीठ नाही!"

"तेच तर मी म्हनते. याची भाकरी थापली तर तुटंल." तिने साल टाकली आणि पदराने बोटं पुसली. "दगुड जवळ घे जरा."

काशीराम दगड नाही हे समजावून सांगू लागला. शिक्षक असल्यामुळे त्याने ते मुळापासून सुरू केलं. फिरती वस्तू, स्थिर धार, घर्षण. आवडी मान डोलवत होती. पण तो घर्षणापर्यंत पोचला तोवर बोळाच्या वळणावर आणखी पाच-सहा डोकी दिसायला लागली होती आणि प्रत्येक डोक्यावर काही ना काही होतं. वैशाखाचे दिवस, पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक घराला तांदळाची, नाचणीची पिठं करून ठेवायची होती. पोलादपूरला जाऊन यायचं म्हणजे आख्खा दिवस मोडायचा, आणि इथे आवाज घरात येऊन बोलावून गेला होता.

त्या बायका बोळाच्या वळणावर येऊन मात्र थबकल्या. एरवी त्या वळणाच्या आत त्यांच्यातलं कोणी येत नसे.

"आवाज हितनंच येतो न्हवं?" त्यांतली सुंदराबाई नावाची बाई इकडेतिकडे बघत म्हणाली.

"हितनंच," आवडी आतून ओरडली. "तुमी बसा तिथं इचार करत. माजा लंबर लागला."

नंबर लागला म्हटल्याबरोबर थबकलेल्या पायांना वेग आला. सुंदराबाईने डबा आवडीच्या पाटीमागे ठेवला, तिच्यामागे रखमाने गाठोडं टेकवलं, आणि बघता बघता पडवीपासून अंगणातल्या वहाणांपर्यंत एक ओळ तयार झाली.

"इंजिन बंद करा," ललिता काशीरामच्या कानाशी म्हणाली. "वरून अजून येतायत."

काशीरामने इंधन तोडलं. कुक्‌, कुक्‌... कुक्‌. शांतता पसरली.

"आं!" सगळ्या ओळीने एकदम सूर काढला.

"बंद का केलंस?" आवडी म्हणाली. "माजाच लंबर व्हता!"

"बाय, डिझेल संपलं असंल," रखमाने अंदाज केला.

"नाय गो, गरम झालं असंल. येसाजीचं पन व्हायचं."

इंजिन थांबल्यामुळे परत कोणी गेलं नाही. उलट जे वाटेत होते त्यांनी पावलं उचलली; कारण बिघाड झालाय म्हणजे ओळ लांबणार, आणि ओळ लांबणार म्हणजे आधी डबा ठेवलेला बरा. सगळ्या बायका अंगणात सावली बघून बसल्या. उन्हातून आलेल्या. ललिता कळशी आणि तांब्या घेऊन बाहेर आली आणि क्षणभर उभी राहिली. आवडीने हात पुढे केला.

"दे गो बाय. घशाला कोरड पडली."

ती घटाघट प्याली आणि तांब्या शेजारणीकडे दिला. शेजारणीने तो हातात धरून आवडीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि तीही प्याली. तांब्या ओळीने पुढे पुढे गेला. काशीरामचं लक्ष पट्ट्याकडे होतं म्हणून हे त्याला दिसलं नाही. ललिताला दिसलं. रिकामी कळशी भरायला ती आत गेली ती जवळजवळ धावतच.

एवढ्यात बोळातून येसाजी आला. धोतराचा सोगा हातात, डोकं बोडकं; जेवता जेवता उठून आला होता, कारण उजव्या हाताला भात होता.

"माजं इंजिन!" तो म्हणाला.

"येसाजीदादा, ते तुम्ही मला दिलंत," काशीराम म्हणाला.

"मेलेलं दिलं व्हतं! जितं नाय दिलं!"

"अहो, पण..."

"सगळी आळी मला इचारते, येसाजी, तुझं इंजिन वरडतंय ते बौद्धवाडीत कसं? काय सांगू? मेलेलं मानूस शेजारच्या घरात जाऊन जेवाया बसलं तर घरच्यानी काय तोंड दाखवायचं?"

"जितं व्हतं तवा तुमी त्याला तेल तरी घातलंत का येळेवर?" ओळीतून कोणीतरी म्हणालं.

येसाजी गर्रकन वळला. सातव्या का आठव्या डब्यापाशी त्याची बायको चंद्रभागा बसली होती.

"तू हितं काय करतेस?"

"दळन आनलंय."

"मला जेवाया वाढून?"

"तुमी जेवत व्हतात म्हनून तर निसटले. नायतर लंबर मागं गेला असता."

अंगणात हशा पिकला. येसाजीने हाताच्या भाताकडे पाहिलं आणि तो इंजिनाशी गेला. चाकावरून डावा हात फिरवला. व्हॉल्व्हच्या झाकणावर बोट ओढून बघितलं; बोट स्वच्छ निघालं. त्याचा चेहरा जरा मऊ झाला.

"ह्यो लोटा एवढ्या मोठ्यानं नव्हता वाजत," तो म्हणाला.

"भोक मोठं केलंय मी."

"तरीच. माजी म्हैस दावं तोडून गेली."

"ते जाऊ दे," आवडी मध्येच म्हणाली. "दळायचं कशात, ते सांगा. ह्या मास्तराकडं इंजिन हाय आनि दगुड नाय. मी काय नाचनी परत डोईवर घेऊन डोंगुर चढू?"

सगळ्यांनी येसाजीकडे पाहिलं. येसाजीने दुसरीकडे पाहिलं.

"दगड आहेत का तुमच्याकडे अजून?" काशीरामने विचारलं.

"हायत," चंद्रभागा म्हणाली. "एकावर मी धुनं धुते. दुसरा गोठ्याची पायरी हाय. आनि दगुड बसवायचं लोखंडाचं खोकं परसात हाय, त्यात माजी कोंबडी खुडूक बसलीय."

"पण आणायचं कसं?" काशीराम म्हणाला. त्याला सुटकेची एक फट दिसली होती. "चार माणसांनाही उचलणार नाही ते. गाडी लागेल."

त्याच क्षणी बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. भिकाजी भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. टेम्पोच्या हौद्यात वजनकाटा होता.

"कुठाय ते मेलेलं इंजिन?" त्याने उतरता उतरता विचारलं.

 आवडी त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसली, सुंदराबाई आणि रखमा हौद्यात चढल्या, पांडू फळकुटावर लोंबकळला आणि "डबल बेल!" म्हणून ओरडला. भिकाजीने ललिताकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही इंजिन न्यायला बोलावलंत ना?"

ललिताने पडवीकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, हातातल्या कळशीकडे पाहिलं. "आधी हे घेऊन या," ती म्हणाली. "मग बघू."

टेम्पो परत आला तेव्हा त्यात दोन दगड, लोखंडी खोकं, धान्य ओतायची पत्र्याची पेटी आणि एक कोंबडी होती. कोंबडीने खोकं सोडायला साफ नकार दिला होता. ती अंड्यांसकट शिवणक्लासच्या रिकाम्या टोपलीत गेली आणि तिथून सगळ्यांकडे रागाने बघत बसली.

खोकं उघडल्यावर काशीराम वाकला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "यात बुश नाही."

"म्हंजे?" आवडीने विचारलं.

"दांडा ज्यात फिरतो ते पितळी कडं. त्याशिवाय दगड फिरणार नाही."

येसाजी खाकरला. "ते मी इकलं. ह्यालाच." त्याने भिकाजीकडे बोट केलं.

"ते कधीच वितळलं," भिकाजी म्हणाला.

सगळं अंगण हिरमुसलं. पण काशीरामचे डोळे चमकत होते. गेले कित्येक महिने ललिता त्याला विचारत होती, तुम्ही या लेथवर नक्की करणार काय? त्यालाही नेमकं उत्तर देता आलं नव्हतं. सळई बारीक करायची, एवढंच ठरलं होतं. बारीक करून तिचं काय करायचं हे ठरलं नव्हतं. आज प्रथमच जगाला एका वस्तूची गरज होती आणि ती वस्तू गोल होती.

"पितळेचा गुल्ला आहे का टेम्पोत?"

भिकाजीने हौद्यातलं भंगार उपसलं आणि जुन्या पंपाचा एक जाड तुकडा काढला. "आजवर मी भंगार घेतलंय," तो खिन्नपणे म्हणाला. "दिलं कधीच नव्हतं."

इंजिन पुन्हा सुरू झालं. या वेळी काशीरामने लोट्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. लेथ फिरू लागला. बायका गोल करून बसल्या. काशीराम कातायचा, थांबून माप घ्यायचा, डोळा बारीक करायचा, पुन्हा कातायचा.

"किती इळ मोजतोस?" आवडीने विचारलं.

"केसभर जरी फरक पडला तरी दांडा लटपटेल, आजी."

"केस म्हंजे कुनाचा? माजा का पांडूचा?"

पितळेचा पिवळाधमक बारीक चुरा खाली पडायला लागला. आवडी पुढे सरकली. चिमूट उचलली, चोळली आणि ओळीकडे वळून जाहीर केलं, "आता बघा! बेसन पडाया लागलं!"

दुसरीकडे येसाजीने काशीरामच्या घरी केलेल्या छिन्नीने धुण्याच्या दगडाला टाकी लावायला घेतली होती. साबणाने तो दगड इतका गुळगुळीत झाला होता की चार ठोक्यांत त्याने दोनदा स्वतःचा अंगठा ठोकला. छिन्नीची धार मात्र जराही बोथटली नाही. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"कुठनं आनलीस मास्तर?"

"घरी केली."

"आनि इकडं तुझ्या बायकोला वाटतं, तू रिकामा बसतोस," येसाजी म्हणाला. त्याच्या मानाने ही माफीच होती.

उन्हं कलायच्या सुमाराला बुश बसलं. दांडा फिरवून पाहिला. लोण्यातून फिरावा तसा फिरला. काशीरामने लेथवरचा पट्टा काढून गिरणीवर चढवला. पेटीपाशी येसाजी उभा राहिला; ते काम त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं. सवयीने त्याने ओळीवरून नजर फिरवली, वाकला, आणि चंद्रभागेचा डबा उचलला.

"येसाजीदादा," ललिता म्हणाली, "तो डबा खाली ठेवा."

आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"आवडीआजी पहिल्या आल्या. मग सुंदराबाई. मग रखमा. जो आधी आला त्याचं आधी."

येसाजीने डबा हातातच धरला होता. "हितं असंच चालनार काय?"

"इथं असंच."

"ठेवा तो खाली," चंद्रभागाच म्हणाली. "मला काय घाई हाय? तुमचं जेवन झालंय."

येसाजीने डबा होता तिथे परत ठेवला आणि आवडीची पाटी उचलली. नाचणी पेटीत गेली, दगड घरघरले, आणि तळाच्या तोंडातून गरम पिठाची धार लागली. पहिल्या पिठाला साबणाचा किंचित वास होता, ते ललिताने बाजूला काढायला लावलं. मग आवडीने चिमूट घेतली, चोळली, जिभेला लावली. सगळे तिच्याकडे बघत होते. काशीराम तर बी.एस्सी.च्या निकालाला उभा असल्यासारखा बघत होता.

"आता बरुबर," ती म्हणाली. "सकाळी लय जाडं पडत व्हतं."

भिकाजी अजून थांबला होता. "बाई, मग इंजिन..."

"कुठलं इंजिन?" ललिता म्हणाली. "मेलेलं न्यायला आला होतात ना? हे चालू आहे."

भिकाजी वजनकाटा घेऊन निघाला. पण तो रिकामा गेला नाही; पांडूने त्याला दोन डबे पोलादपूरच्या वाटेवरच्या घरांत पोचवायला दिले.

काशीराम त्या संध्याकाळी फार खूश होता. इंजिन वाचलं होतं, पडवी वाचली होती, लेथने पहिलं खरं काम केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून येसाजी सकाळीच येऊन इंजिन पुसायला लागला, आणि त्याची म्हैस लोट्याच्या आवाजाला सरावली. ललिताने शिलाई मशीनचं चाक भोकं पाडायच्या यंत्रावरून स्वतः काढून घेतलं आणि मशीन पडवीच्या दारात मांडलं. दळण होईपर्यंत बसलेल्या बायकांना ती झबली बेतायला शिकवू लागली. क्लास सुरू झाला होता. खुडूक कोंबडीच्या टोपलीत पिल्लं निघाली होती. सगळ्यांना सगळं मिळालं होतं.

पुढच्या रविवारी काशीराम सकाळी अंघोळ करून, बाह्या दुमडून पडवीत आला. हातात ती अर्धवट कातलेली सळई होती. आता तिचं काय करायचं हे त्याला सुचलं होतं. सायकलच्या चेनवरच्या यंत्राला तिचा नवा दांडा करायचा होता. इंजिन कुक्‌-कुक्‌ करत होतं. त्याने पट्ट्याला हात घातला.

"अहो," मशीनवरून मान न उचलता ललिता म्हणाली, "नंबर?"

"काय?"

"पट्टा काढला तर गिरणी थांबते. रांग आहे."

काशीरामने पाहिलं. रांग अंगणातून बोळात गेली होती आणि बोळाच्या वळणाशी दिसेनाशी झाली होती.

"अगं, माझं इंजिन आहे हे!"

"हो ना," ललिता म्हणाली. "पण जो आधी आला त्याचं आधी."

सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. पेटीपाशी येसाजी गालातल्या गालात हसत होता. ललिताच्या नियमापुढे हार खाणारं त्याला प्रथमच कोणीतरी सोबतीला मिळालं होतं. काशीराम मुकाट्याने अंगण ओलांडून, बोळातून, वळणाच्या पलीकडे गेला आणि शेवटच्या डब्यामागे त्याने सळई जमिनीवर ठेवली. मग तिच्याशेजारी उकिडवा बसला.

थोड्या वेळाने डोंगराच्या वाटेने आवडी आली. डोक्यावर पाटी होती. तिने रांग पाहिली, सळई पाहिली, काशीरामला पाहिलं. मग पायाने सळई हलकेच मागे सरकवली आणि पाटी तिच्यापुढे टेकवली.

"आजी, मी आधी आलो!"

"आलास रे, कोन नाय म्हनतंय?" आवडी त्याच्या शेजारी ऐसपैस बसत म्हणाली. "पन माजे तांदूळ धुऊन वाळवलेले हायत, आजच दळाया होवेत. तुजं लोखंड हाय बाबा. ते काय उद्यापत्तूर आंबनार नाय."

काशीरामने यावर शास्त्रीय दृष्ट्या विचार करून पाहिला. मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.